औषध कंपनीतल्या बायकांचं आरोग्य : पॉलिसी लिहिण्याआधी पॅकिंग लाईन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्धा जिल्ह्यातल्या एमआयडीसीत गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीत तुम्ही एचआरमध्ये आहात. कामगारांत निम्म्याच्या आसपास बायका, त्यातल्या बहुतेक पॅकिंगला आणि ठेकेदारामार्फत. मुंबईच्या हेड ऑफिसने 'डायव्हर्सिटी आणि महिला आरोग्य' या नावाची पॉलिसी मागवली आहे. तुम्ही पॅडचं मशीन बसवलंत, ८ मार्चला हिमोग्लोबिनचं शिबिर घेतलंत, तरी बायका वर्ष-दीड वर्षात काम सोडतात आणि आजारपणाच्या सुट्ट्याही कमी होत नाहीत. मग पॉलिसीत काय लिहायचं, पाळीची रजा द्यायची का, आणि भरतीच्या वेळी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत.

मी विदर्भातल्या कारखान्यांमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम करते आहे, त्यात औषध कंपन्याही आल्या. त्या अनुभवावरून सांगते. तुम्ही विचारताय पॉलिसीबद्दल, पण अडचण लाईनवर आहे. बाईला आठ तासांच्या शिफ्टमध्ये आपली जागा दहा मिनिटं सोडता येते का, कोणाची बोलणी न खाता आणि कारण न सांगता? याचं उत्तर 'नाही' असेल तर बाकी सगळं वरवरचं राहतं. पॅडचं मशीन आहे, पण पॅड बदलायला जाता येत नाही. लोहाच्या गोळ्या वाटल्या, पण दुपारचा डबा बारा मिनिटांत उरकावा लागतो. तुमच्याकडे काय चाललंय ते मी पाहिलेलं नाही, पण औषध कंपनीच्या कामाची रचनाच अशी असते की मुद्दाम लक्ष दिलं नाही तर असंच होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून ठेवते. तुमच्याकडे फक्त साध्या गोळ्या आहेत की इंजेक्शनचा स्टेराइल विभागही आहे, यावर बरंच ठरेल. हार्मोन किंवा कॅन्सरची औषधं बनत असतील तर सल्ला बदलेल. बायका आठ-दहा किलोमीटरवरून येतात की तीस, कंपनीची बस आहे की एसटी आणि काळीपिवळीवर भिस्त आहे, हेही पाहावं लागेल. ठेकेदार तुमचं कितपत ऐकतो, हे तर तुम्हालाच माहीत.

आता लाईनचं बोलू. औषध कंपनीत उत्पादनाच्या भागात खाणं-पिणं बंद असतं, पाण्याची बाटलीसुद्धा आत नेता येत नाही. संडास-बाथरूमचं दार उत्पादनाच्या भागात उघडता कामा नये, हा जीएमपीचाच, म्हणजे औषध चांगल्या रीतीने बनवण्याच्या नियमावलीचाच नियम आहे, म्हणून ते लांब असतं. लघवीला जायचं म्हणजे चेंज रूममध्ये हातमोजे, मास्क, टोपी, गाऊन काढायचा, चप्पल-बूट बदलायचे, बाहेर पडायचं. परत येताना हात धुवायचे, सॅनिटायझर लावायचं, सगळं पुन्हा चढवायचं. दोन मिनिटांच्या कामाला दहा-पंधरा मिनिटं जातात. स्टेराइल विभागात तर डोक्यापासून पायापर्यंतचा बॉयलर सूट, आणि एकदा बाहेर आलं की परत जाताना धुतलेला नवा संच घालावा लागतो. पुरुषांनाही हाच त्रास आहे. पण पाळी, गरोदरपण, बाळंतपणानंतर सैल झालेले स्नायू आणि लघवीचा आखूड मार्ग यामुळे बायकांना तो कितीतरी जास्त भोगावा लागतो.

ब्लिस्टर लाईनच्या, म्हणजे गोळ्या पट्टीत भरणाऱ्या लाईनच्या टोकाला बसून पट्ट्या तपासणारी पस्तिशीतली एक बाई माझ्याकडे लघवीच्या जळजळीसाठी पुन्हा पुन्हा यायची. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स, चार दिवस आराम, महिन्या-दोन महिन्यांत परत तेच. मग मी तिला तिचा दिवस विचारला. पहाटे साडेचारला उठते, पाणी भरते, पोरांचे डबे करते, पावणेसहाला फाट्यावर बस. शिफ्ट सात ते तीन. पाणी कधी पिता, असं विचारल्यावर ती म्हणाली, "बसमंधी बसाच्या आंधी नाही पेत म्याडम. पाणी पेलं तं जा लागते ना बाथरूमले. मंग लाईन थांबते, अन् सुपरवायझर बोलते." दुपारी चारनंतर घरी पोचल्यावर पहिला तांब्या पोटात जायचा. मे महिन्यात, वर्धा-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांतसुद्धा. तिला मी कितीही चांगलं औषध दिलं असतं तरी ते पुरलं नसतं.

म्हणून माझी पहिली शिफारस नेहमी एकच असते: प्रत्येक लाईनला, प्रत्येक शिफ्टला एक रिलीव्हर. म्हणजे त्या लाईनवरची सगळी कामं येणारी एक जादा व्यक्ती, जी फिरती राहते आणि कोणीही उठलं की तिच्या जागी बसते. लाईन थांबत नाही, त्यामुळे सुपरवायझरला बोलायचं कारण उरत नाही. प्लांट हेड म्हणतील की हा एका माणसाचा खर्च वाढला. त्यांना गैरहजेरीमुळे किती लाईन कमी माणसांवर चालल्या, आणि नवी मुलगी पट्टीतली तुटकी गोळी, रिकामा कप्पा नजरेने पकडायला शिकेपर्यंत किती माल परत तपासावा लागला, याचा हिशोब दाखवा. तपासणीच्या कामात हात आणि डोळे तयार व्हायला वेळ लागतो, आणि तयार झालेली बाई निघून गेली की तो वेळ वाया जातो. हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त कोणी तसं मांडलेलं नसतं.

त्याच्या जोडीला तीन लहान गोष्टी करा. चेंज रूमच्या बाहेर लगेच पिण्याच्या पाण्याची सोय ठेवा, दोनशे पावलांवरच्या कॅन्टीनमध्ये नको. बस गेटवर येण्याची वेळ आणि पंचिंगची वेळ यात किमान पंधरा मिनिटं राहतील असं बघा, कारण तासभर बसमध्ये बसून आलेल्या बाईला थेट गाऊन चढवावा लागला तर तिचे पुढचे चार तास अवघड जातात. आणि बाथरूमला जाण्याची नोंदवही कुठे चालू असेल तर ती आजच बंद करा. स्टेराइल विभागात कोण केव्हा आत-बाहेर झालं याची नोंद गुणवत्तेसाठी ठेवावी लागते, ती राहू द्या. पण त्या नोंदीवरून कोणाचा पगार कापायचा नाही, कोणाला जाब विचारायचा नाही, हे लेखी द्या. पॉलिसीतलं पहिलं वाक्य हेच असू द्या.

जाता जाता चेंज रूमबद्दल आणखी एक. मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, टिकली, नेलपॉलिश आत चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण नव्याने लग्न झालेल्या मुलीला मंगळसूत्र काढून खुंटीला टांगायला सांगितलं तर ती घाबरते, हरवण्याला जितकी तितकीच सासूला. प्रत्येकीला कुलूपवालं लॉकर द्या, आणि कामाला लागण्याआधी घरच्यांना एकदा प्लांट दाखवा. काही मुलींचं काम टिकण्याचं कारण मला एवढंच दिसलं आहे.

आता रक्त कमी असण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुमच्या शिबिरात निम्म्या बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं असेल तर त्यात नवल नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: त्या निम्म्यांचं झालं काय? बहुतेक ठिकाणी त्यांना एक पट्टी गोळ्या आणि 'पालेभाजी खा' असा सल्ला मिळतो आणि फाईल पुढच्या ८ मार्चपर्यंत बंद होते. जी बाई दिवसभर लोहाच्या गोळ्या पॅक करते तिचंच हिमोग्लोबिन ८ निघतं आणि कोणी विचारत नाही, हे मी पाहिलं आहे, आणि मला ते अजून सहन होत नाही.

शिबिराऐवजी तुमच्याकडे आधीपासूनच असलेली एक सोय वापरा. औषध निर्मितीच्या शेड्यूल एम या सरकारी नियमावलीप्रमाणे प्रत्येक कामगाराची भरतीआधी आणि नंतर वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करावीच लागते. डोळे, त्वचा, क्षय, संसर्गजन्य आजार. ती तपासणी औषध दूषित होऊ नये यासाठी असते. त्याच दिवशी, त्याच टेबलावर बाईच्या स्वतःच्या तब्येतीचे चार प्रश्न आणि एक रक्ताची नळी वाढवा. बोटाच्या टोचणीवर भागवू नका, पूर्ण सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींची मोजणी करा. त्यात पेशींचा आकार कळतो, आणि लोह कमी आहे की दुसरं काही, याचा अंदाज डॉक्टरला येतो. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांना गोळी सुरू करून महिन्याने परत बघा. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर शरीरातला साठा भरत नाही. गोळी चहासोबत घेऊ नये हे प्रत्येकीला तोंडी सांगा. आपल्याकडे सकाळी चहा-टोस्टवर गोळी घेण्याची सवय घरोघरी आहे, आणि चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळीने मळमळते म्हणून बायका ती सोडतात. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलं की बऱ्याच जणींना जमते.

आणि पाळीत किती जातं, हे विचाराच. चाळिशीच्या आसपासच्या बायका "अंगावरून जाते" एवढंच म्हणतात आणि थांबतात. गाठी पडतात का, रात्री उठून कपडा बदलावा लागतो का, असं सरळ विचारलं तरच कळतं. अशा बाईला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा. आपल्या भागात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, जवळचं उपजिल्हा रुग्णालय आहे. मुद्दाम सांगते, कारण तालुक्याच्या गावात पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" असं ऐकून येणाऱ्या बायका मला अजून भेटतात. बहुतेकींना त्याआधी गोळ्यांचे, इतर उपचारांचे पर्याय असतात. दुसरं मत घ्यायला एक भरपगारी दिवस द्या. एका दिवसाच्या पगारात कोणाचं तरी मोठं ऑपरेशन टळू शकतं.

सिकलसेलबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण इथे चूक झाली तर नुकसान मोठं होतं. भरतीच्या वेळी तपासणी करू नका. स्पष्ट नाही. पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बऱ्याच समाजांमध्ये आहे, आणि यवतमाळकडेही. वाहक, म्हणजे ज्याच्यात आजाराचं एकच जनुक आहे अशा माणसाला रोजच्या कामात सहसा काहीच त्रास नसतो. भरतीला चाळणी लावली तर तुम्ही निरोगी माणसांना नाकाराल, आणि ते नाकारणं काही ठरावीक जातीजमातींवरच पडेल. डायव्हर्सिटीची पॉलिसी लिहिताना हे तर मुळीच चालणार नाही. शिवाय सिकलसेलचा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे, आणि त्या कायद्याने कंपनीला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. ते तुमच्याकडे आहे का, हे आधी तपासा.

पण डोळेझाकही करू नका. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांना वेदनेचा झटका कशाने येतो? शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, अतिश्रम, ताप. आता तुमचा पॅकिंग हॉल आठवा. तापमान बावीस-तेवीसच्या आसपास, ओल शोषणाऱ्या औषधासाठी हवा आणखी कोरडी केलेली, आणि पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली बाई. बाहेर ४५ अंश, आत थंड झोत. अशा मुलीला हातापायात असह्य कळा येतात, ती दोन दिवस येत नाही, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'विनाकारण गैरहजर' लागतं. पाणी आणि रिलीव्हरची व्यवस्था केली तर यातलं बरंच आपोआप टळतं, तिने आजार सांगितला नाही तरीही. बाकी तपासणी स्वेच्छेने ठेवा, कामावर रुजू झाल्यानंतर, समुपदेशनासह. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे, त्यात हा आजार असलेल्या आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची मोफत तपासणी अपेक्षित आहे; प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून त्यांच्यामार्फत करून घ्या. निकाल बाईच्या हातात जाईल, एचआरच्या फाईलमध्ये येणार नाही. गावात ही गोष्ट फुटली तर मुलीच्या लग्नात अडचण येते, म्हणून बायका तपासणीला घाबरतात, आणि त्यांची भीती खरी आहे. सिकलसेलच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या सरसकट देऊ नका, विशेषतः वारंवार रक्त चढवलेलं असेल तर. डॉक्टरने आधी लोह तपासून मगच ठरवावं.

गुप्ततेचा नियम बाकी सगळ्यालाच लागू. कंपनीच्या डॉक्टरने एचआरला द्यायच्या कागदावर एवढंच असावं: कामास योग्य आहे, किंवा अमुक महिने उभ्याचं काम नको, थंड भागात नको, रात्रपाळी नको. आजाराचं नाव नको. तपासणीच्या खोलीला दार असावं आणि आत बाई नर्स असावी. पडदा लावलेला कोपरा पुरत नाही.

आता कामातल्या रसायनांचा भाग. तुमच्याकडे फक्त तापाच्या आणि पित्ताच्या गोळ्या असतील तर हा परिच्छेद वरवर वाचला तरी चालेल. हार्मोन, मेथोट्रेक्सेटसारखी कॅन्सरची औषधं, फिनास्टेराइड, मिसोप्रोस्टॉल, किंवा टोल्युइनसारखे सॉल्व्हंट असतील तर नीट वाचा. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पावडरीचं काय होतं हे १९७० च्या दशकात पोर्टो रिकोतल्या एका कारखान्यात दिसलं होतं: बायकांना पाळी सोडून मधेच रक्तस्राव, आणि पुरुषांची छाती वाढलेली. म्हणजे धूळ बाई-पुरुष बघत नाही. अशा वेळी कंपन्यांचा पहिला विचार असतो, 'मग बायकांना तिथे ठेवूच नका'. अमेरिकेत बॅटरीच्या एका कंपनीने शिशाच्या कामातून मूल होऊ शकणाऱ्या सगळ्या बायकांना बाहेर ठेवलं होतं. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण त्यामागचा विचार मला पटतो. धूळ बंदिस्त करा, हवा खेचण्याची व्यवस्था तपासा, कपडे कंपनीतच धुवा म्हणजे पावडर घरी तान्ह्या पोरापर्यंत जाणार नाही. हे सगळ्यांसाठी. आणि जी बाई गरोदर आहे किंवा दूध पाजते आहे, तिला तेवढ्या काळापुरतं दुसरीकडे हलवा, पगार तोच ठेवून. पगार कमी होणार असेल तर ती पाचवा महिना लागेपर्यंत सांगणारच नाही, आणि गर्भाला जपायचे सुरुवातीचे आठवडे तोवर निघून गेलेले असतील.

भरतीच्या वेळी गरोदरपणाची तपासणी करत असाल तर तीही थांबवा.

मातृत्वाची रजा २६ आठवडे, दोन हयात मुलांनंतर १२ आठवडे, हे तुम्हाला माहीत असेलच. १९६१ चा कायदा आणि २०१७ ची दुरुस्ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, पण बाईच्या हातात पडणारं मुख्य तेच आहे. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची रजा असते, हे मात्र लाईनवर कोणालाच माहीत नसतं. बायका तिसऱ्या दिवशी कामावर येतात. हे मराठीत लिहून चेंज रूममध्ये लावा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर रजेचा पैसा ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, आणि त्यासाठी आधीच्या दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ग्यानबाची मेख इथे आहे. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार त्याच बाईचा नवा विमा क्रमांक काढतो, किंवा मधे महिनाभराचा ब्रेक दाखवतो. तिची वर्गणी दोन क्रमांकांत विभागली जाते आणि बाळंतपणाच्या वेळी ती अपात्र ठरते. तुम्ही मुख्य मालक आहात, जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी प्रत्येक बाईचा जुना विमा क्रमांकच चालू आहे ना, हे तपासायची एक ओळ तुमच्या यादीत घाला. माझ्या मते पॉलिसीतल्या कुठल्याही सुंदर परिच्छेदापेक्षा ही ओळ जास्त बायकांच्या उपयोगी पडेल.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन जादा विश्रांती मिळतात, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं, तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. पण गाऊन काढण्या-घालण्यातच ती विश्रांती संपते. म्हणून तेवढे महिने तिला गाऊन न लागणाऱ्या कामावर ठेवा: खोके भरण्याचं बाहेरचं पॅकिंग, स्टोअर, बॅच रेकॉर्डची कागदपत्रं. पाळणाघर कागदावर न राहता चालायला हवं असेल तर बसमध्ये बाळ आणायची परवानगीही द्या. नाहीतर वीस किलोमीटरवरच्या गावातलं बाळ तिथे येणार कसं?

डायव्हर्सिटीचा भाग शेवटी घेतला, पण तो वेगळा नाही. हेड ऑफिसला तुम्ही बायकांची टक्केवारी पाठवाल, ती चांगली दिसेल, कारण पॅकिंगला बायकाच असतात. त्यांना दुसरा आकडा पाठवा: किती लाईन सुपरवायझर बाई आहेत, मशीन ऑपरेटर किती, क्वालिटीमध्ये किती, मेंटेनन्समध्ये एक तरी आहे का. बायकांनी भरलेल्या हॉलमध्ये परवानगी देणारा प्रत्येक माणूस पुरुष असेल तर तिथे कोणी पोटात दुखतंय म्हणून सांगत नाही, "डोकं दुखते" म्हणतात. प्रत्येक शिफ्टला एक तरी बाई सुपरवायझर असू द्या. ती बाहेरून आणू नका. दहा वर्षं लाईनवर असलेली, सगळ्या जिला मावशी म्हणतात, अशी कोणी तरी तुमच्याकडे नक्की असेल. बारावी पास नाही म्हणून ती तिथेच अडकलेली असेल. तिला नोंदी लिहायचं प्रशिक्षण द्या आणि पद द्या. पुरुष सुपरवायझरांनाही एक दिवस बसवून सगळं समजावून सांगा. त्यांच्यातले बरेच जण वाईट नसतात, त्यांना फक्त उत्पादनाचा आकडा विचारलेला असतो.

लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लागते, ठेकेदाराकडच्या बायकाही तिच्या कक्षेत येतात, आणि कंपनीने दिलेली बसही कामाचं ठिकाणच धरली जाते. बसमधल्या तक्रारी समितीकडे येतात का, ते पाहा. येत नसतील तर समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर बसमध्ये लावलेले नाहीत, एवढं समजा.

राहिली पाळीची रजा. बिहारने सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस दिले आहेत, कर्नाटकाने २०२५ मध्ये वर्षाला १२ भरपगारी दिवस मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा धोरणाचा विषय असल्याचं म्हटलं, आणि सक्ती केली तर मालक बायकांना घ्यायचंच टाळतील अशी काळजीही बोलून दाखवली. तुमच्या ठिकाणी माझं मत असं: द्या, पण 'पाळीची रजा' या नावाने नको. महिन्याला एक भरपगारी दिवस, सर्व बायकांना, ठेकेदारीवरच्यांनाही, कारण न विचारता, फोनवर कळवून. वेगळ्या नावाची रजा घ्यायला आपल्याकडची बाई लाजेल, आणि हजेरीपटावर तिच्या पाळीची तारीख सगळ्यांना दिसेल. ठेकेदारीवरच्या बायकांना सोडून फक्त ऑफिसमधल्या मुलींना देणार असाल तर नका देऊ, त्याने लाईनवरच्या बायकांचा राग आणि अविश्वास तेवढा वाढेल. आणि रजा दिली म्हणून रिलीव्हर टाळू नका, उरलेले दिवस बाईला लाईनवरच काढायचे आहेत.

हेड ऑफिस सगळ्याला एकदम हो म्हणणार नाही. एक लाईन, एक शिफ्ट घ्या. तिथे रिलीव्हर, पाणी आणि बसच्या वेळेतला बदल तीन-चार महिने चालवा आणि शेजारच्या तशाच लाईनशी ताडून बघा: किती जणी सोडून गेल्या, किती दिवस गैरहजर, लघवीच्या त्रासाचे किती रुग्ण, किती वेळा लाईन थांबली. हे जूनमध्ये सुरू करा. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी लागली की अर्ध्या बायका आठ-पंधरा दिवस शेतात जातात, कोणी स्वतःच्या, कोणी मजुरीने, आणि मग गैरहजेरीचे आकडे कापसामुळे वाढले की लाईनमुळे, हे मुंबईत बसलेल्या माणसाला तुम्ही समजावू शकणार नाही.